दहा-बारा जणांचा गट आणि संगणकातली हजेरी



आपल्यापैकी अनेकांच्या घरी आठवड्यातून एकदा सतरंजी अंथरली जाते. दहा-पंधरा जण जमतात, वाचन होते, प्रार्थना होते, चहा होतो आणि सगळे आपापल्या घरी जातात. हे जमून यावे म्हणून कोणीतरी एक जण वही घेऊन बसलेला असतो. आजचा पाठ त्या वहीवाल्यासाठी आहे. ख्रिस्ती चर्चमध्ये अशा लहान गटांची व्यवस्था कशी लावली गेली, आणि आज ती वही संगणकात गेल्यावर काय सोपे झाले व काय निसटू लागले, हे आपण पाहणार आहोत. विषय चर्चचा आहे, पण वही सगळ्यांची सारखीच असते.

आधी माझी चूक सांगतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. त्यामुळे आमच्या साप्ताहिक अभ्यास मंडळाची हजेरी आपसूक माझ्याकडे आली. मी ती संगणकावरच्या तक्त्यात ठेवू लागलो. मंडळात १४ जण, महिन्याला ४ बैठका, म्हणजे एकूण ५६ हजेऱ्या शक्य. एका महिन्यात त्यांपैकी ४६ भरल्या. टक्केवारी काढली तर ८२. मी ती आनंदाने वर कळवली. सर्वांनी शाबासकी दिली.

त्या १० गैरहजेऱ्यांपैकी ४ एकाच काकूंच्या होत्या. महिनाभर त्या आल्या नव्हत्या. त्यांच्या नावापुढे सलग चार फुल्या मी माझ्या हाताने मारल्या होत्या आणि एकदाही फोन केला नव्हता. काकांचे ऑपरेशन झाले होते. घरात दुसरे कोणी नसल्याने त्या रात्रंदिवस दवाखान्यात होत्या. हे मला पाचव्या आठवड्यात, भाजी घेताना, त्यांच्या शेजारणीकडून कळले.

तक्त्यात काहीच चूक नव्हती. बेरीज बरोबर होती, टक्केवारीही बरोबर होती. म्हणूनच ही गोष्ट मला अजून टोचते. सरासरी काढली की चार फुल्या एका माणसाच्या आहेत की चार वेगवेगळ्या माणसांच्या, हे दिसेनासे होते. चर्चच्या लहान गटांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की हीच अडचण त्यांनाही आली होती, आणि त्यांनी त्यावर चांगला विचार केला होता.

मुळात गट लहान का करायचे? बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसलेला असतो आणि लोक ताटकळत उभे असतात. त्याचा सासरा इथ्रो भेटीला येतो, हे पाहतो आणि म्हणतो की असे केलेस तर तूही थकशील आणि हे लोकही. मग तो हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमायचा सल्ला देतो. व्यवस्थापनाच्या तासाला आम्हाला जो ‘नियंत्रणाचा आवाका’ शिकवतात, तो हाच. सर्वात खालच्या पायरीचा आकडा दहा आहे, हे लक्षात ठेवा. दहा माणसांची नावे, त्यांची मुले, त्यांची दुखणी एका माणसाच्या डोक्यात राहू शकतात. शंभरांची राहत नाहीत.

आता अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये या. जॉन वेस्ली यांनी ब्रिस्टल शहरात १७३९ मध्ये ‘न्यू रूम’ नावाचे सभागृह बांधायला घेतले आणि त्याचे कर्ज झाले. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ते फेडायचे कसे यावर चर्चा चालली होती. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. (तेव्हा एका पौंडात २४० पेन्स असत.) कोणीतरी म्हणाले, आपल्यातले बरेच जण गरीब आहेत, त्यांना तेवढेही परवडणार नाही. त्यावर फॉय म्हणाला, सर्वात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. ज्यांना देता येईल त्यांचे घेईन, ज्यांना येणार नाही त्यांचे मी भरीन.

अकरा आणि एक म्हणजे बारा. मेथडिस्टांचा ‘क्लास’ असा वसुलीच्या यादीतून जन्मला! पण पेनी गोळा करायला घरोघर गेलेल्या या प्रमुखांना वेगळेच काही दिसू लागले. कोणाच्या घरी भांडण चालले आहे, कोण पुन्हा दारूला लागला आहे, कोण आजारी पडून आहे. ते येऊन वेस्लींना सांगू लागले. वेस्लींनी ओळखले की आपल्याला कर्जफेडीपेक्षा मोठी गोष्ट सापडली आहे. पुढे घरोघर जाण्याऐवजी बाराही जणांनी एकत्र बसावे असे ठरले. आठवड्याला एकदा प्रत्येकाने आपले कसे चालले आहे ते सांगायचे. दर तिमाहीला सभासदांची विचारपूस होई आणि त्यांना नवे तिकीट मिळे.

मला सर्वात आवडलेली गोष्ट मात्र त्यांच्या हजेरीवहीची आहे. मेथडिस्ट क्लासच्या वह्यांत नुसती फुली नसे. आलेल्याच्या नावापुढे ‘पी’. न आलेल्याच्या नावापुढे कारणाप्रमाणे अक्षर: आजारी असेल तर ‘एस’, गावाबाहेर दूर असेल तर ‘डी’, कामधंद्यात अडकला असेल तर ‘बी’, हयगय केली असेल तर ‘एन’. आणि कारण कळलेच नसेल तर ‘ए’.

या शेवटच्या ‘ए’वर थोडे थांबा. ते अक्षर न आलेल्या माणसाबद्दल काही सांगत नाही. ते वही लिहिणाऱ्याबद्दल सांगते, की तुम्ही अजून विचारलेले नाही. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर ते अनामत खाते आहे, म्हणजे ताळेबंद मांडण्यापूर्वी शोध घेऊन रिकामे करायचे खाते. माझ्या तक्त्यातील चारही फुल्या खरे तर ‘ए’ होत्या. मी त्यांना ‘एन’ समजून पुढे गेलो.

विसाव्या शतकातील उदाहरण दक्षिण कोरियातले आहे. सोलमधील पाळक डेव्हिड योंगी चो १९६४ मध्ये अतिश्रमाने कोसळले. अंथरुणात पडल्या-पडल्या त्यांनी घरगुती गटांची योजना आखली. पुरुष कार्यकर्ते पुढे येईनात तेव्हा त्यांनी ती जबाबदारी स्त्रियांवर सोपवली. त्या काळच्या कोरियात हे धाडसच होते. त्या गटांच्या बळावर योइडो फुल गॉस्पेल चर्च पुढे जगातील सर्वात मोठ्या चर्चमध्ये गणले गेले. (याच चो यांना २०१४ मध्ये चर्चच्या पैशांसंबंधीच्या खटल्यात न्यायालयाने दोषी ठरवले. दहा जणांच्या गटात पेनीचा हिशेब लागत होता, वरच्या मजल्यावर नाही. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.)

आपल्याकडेही ही पद्धत अनोळखी नाही. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट चर्चमध्ये घरोघरी होणारी ‘कॉटेज मीटिंग’ जुनीच आहे, आणि मुंबईच्या कॅथलिक धर्मग्रामांत इमारतीनुसार किंवा गल्लीनुसार केलेले लहान ख्रिस्ती समूह आहेत.

आता संगणकाकडे येऊ. चर्चसाठी तयार केलेल्या अनेक प्रणाली आहेत. अमेरिकेत ‘प्लॅनिंग सेंटर’ आणि ‘रॉक आरएमएस’ ही नावे बरीच ऐकू येतात, जर्मनीत ‘चर्चटूल्स’. ‘चर्चसीआरएम’ ही मुक्त स्रोत प्रणाली आहे, म्हणजे तिला परवाना शुल्क नाही. पण ती स्वतःच्या सर्व्हरवर चढवावी लागते, तिची आवृत्ती वेळोवेळी बदलावी लागते आणि माहितीची प्रत कोणीतरी काढून ठेवावी लागते. फुकटची प्रणाली आणि बिनखर्चाची प्रणाली एकच नव्हे. जो मुलगा ती बसवून देतो त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली की काय करायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

या प्रणालींची रचना साधारण सारखीच असते. सर्वात खाली व्यक्तीची नोंद: नाव, फोन, जन्मतारीख. त्या व्यक्ती एका कुटुंबाला जोडलेल्या. मग गट, आणि गटात प्रत्येकाची भूमिका: सभासद किंवा प्रमुख. गटांचे प्रकार पाडता येतात, जसे तरुणांचे, स्त्रियांचे, बायबल अभ्यासाचे. ‘प्लॅनिंग सेंटर’मध्ये गटात येण्याच्या तीन पद्धती ठेवता येतात: कोणीही थेट नाव नोंदवावे, विनंती करावी आणि प्रमुखाने मान्य करावी, किंवा गट बंद. बैठक झाली की प्रमुखाला हजेरी भरण्याची आठवण ईमेलने जाते. तो नावांवर खुणा करतो, आणि ती हजेरी चर्चच्या कार्यालयात दिसते. वीस गटांच्या वीस वह्या महिनाअखेरीस गोळा करणाऱ्यालाच या सोयीची किंमत कळेल.

प्रणाली बसवताना खरे काम बटणे दाबण्याचे नसते, नावे साफ करण्याचे असते. समजा, एका चर्चमध्ये २४० सभासद आणि १८ गट आहेत. जुन्या याद्या एकत्र केल्या की २४० ऐवजी ३०० नावे निघतात. कारण सुनीता हे नाव इंग्रजीत कोणी एका पद्धतीने लिहिले आहे, कोणी दुसऱ्या. एका यादीत माहेरचे आडनाव आहे, दुसरीत सासरचे. घरातील चार जणांना एकच मोबाइल नंबर आहे, त्यामुळे नंबरावरून माणूस ओळखावा तर तेही जमत नाही. हे काम दोघांनी एकत्र बसून करावे. एक जण संगणक जाणणारा, आणि दुसरी व्यक्ती अशी की जी सर्व घरांना ओळखते, बहुतेक वेळा एखादी ज्येष्ठ मावशी किंवा जुने वडील. मावशींना संगणक येत नाही म्हणून त्यांना वगळाल तर दोन महिन्यांनी त्यांनाच बोलवावे लागेल.

दुसरी अडचण प्रमुखांची असते. आठवणीचा ईमेल येतो खरा, पण आपल्याकडे किती प्रमुख ईमेल उघडतात? ज्यांना फोनवर खूण करणे जमत नाही त्यांच्याकडून वहीच घ्या, आणि कार्यालयातील एकाने ती भरावी. हजेरी भरता येत नाही म्हणून चांगला गटप्रमुख बदलणे म्हणजे पावतीपुस्तक लिहिता येत नाही म्हणून दाता परत पाठवण्यासारखे आहे.

आता माझ्या काकूंच्या गोष्टीकडे परत येऊ. प्रणालीतल्या हजेरीच्या चौकटीत साधारणपणे खूण असते किंवा नसते. ‘एस’, ‘डी’, ‘बी’, ‘एन’ नसतात. त्यासाठी टिपणाची जागा असते, पण ती भरणे कोणावर बंधनकारक नसते. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पद्धतीत जे होते ते इथे आपल्याला मुद्दाम आणून ठेवावे लागते.

ते असे करता येईल. सलग दोन बैठकांना न आलेल्यांची यादी दर सोमवारी काढायची. बहुतेक प्रणालींत अशी यादी काढता येते, आणि नसेल तर साध्या तक्त्यातही हे सूत्र लिहिता येते. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एका माणसाचे नाव लिहायचे, ज्याने गुरुवारपर्यंत फोन करायचा किंवा घरी जायचे. काय कळले ते एका शब्दात नोंदवायचे: आजारी, परगावी, काम, नाराज, माहीत नाही. ‘माहीत नाही’ असलेले नाव पुढच्या सोमवारी पुन्हा यादीत आले पाहिजे, आणि आता ते पाळकांपुढेही गेले पाहिजे.

तीनऐवजी दोनच बैठका का? साप्ताहिक गटात तिसऱ्या बैठकीपर्यंत तीन आठवडे गेलेले असतात, आणि तेवढ्यात माणसाच्या मनात येते की आपण नसलो तरी यांचे चालते.

इथे एक मोह होतो. प्रणाली आपोआप संदेश पाठवू शकते: ‘आपली उणीव भासली, पुढील बैठकीस अवश्य यावे.’ हे करू नका. दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या बाईला असा संदेश आला तर तिला वाटेल की आठवण यंत्राला झाली, माणसांना नाही. यंत्राने आठवण करून द्यावी ती गटप्रमुखाला, आणि फोन करावा तो प्रमुखाने. प्रणालीत याला काम नेमून देणे म्हणतात.

आकड्यांबद्दलही एक सूचना. वर पाठवायच्या अहवालात सरासरी हजेरी असू द्या, पण तिच्याखाली एक ओळ आणखी घाला: ‘सलग दोनदा न आलेले किती, त्यांपैकी किती जणांशी बोलणे झाले.’ माझ्या त्या महिन्याच्या अहवालात ही ओळ असती तर तिथे ‘एक, शून्य’ असे लिहावे लागले असते, आणि ८२ टक्क्यांची शाबासकी कोणी दिली नसती.

आता गुप्ततेचा भाग. तो मी सर्वात गंभीर मानतो, आणि नेमका तोच घाईत राहून जातो. लहान गटात माणूस जे बोलतो ते दहा जणांपुढे बोलतो. मुलाचे व्यसन, घरातील भांडण, डोक्यावरचे कर्ज. प्रमुख तळमळीने ते प्रणालीत ‘प्रार्थना विनंती’ म्हणून लिहितो. त्या क्षणी ते दहा जणांचे राहत नाही. ज्यांच्याकडे परवानगी आहे अशा प्रत्येकाला ते दिसते, आणि पाच वर्षांनीही दिसेल. बोललेला शब्द लोक विसरतात, ही देवाची कृपाच आहे. संगणकाला ती मिळालेली नाही. म्हणून प्रणालीत कारणाचा एकच शब्द लिहावा, तपशील नको. ‘आजारी’ पुरे, कोणता आजार ते लिहू नये.

गटप्रमुखाला फक्त स्वतःच्या गटाची माणसे दिसावीत. देणगीच्या नोंदी त्याला दिसू नयेत. प्रमुखपद सोडले की त्याच दिवशी त्याची परवानगी काढावी, रागाने नव्हे, शिस्त म्हणून. गट ज्या घरी भरतो तो पत्ता त्या कुटुंबाचा असतो, तो सर्वांना दिसेल असा ठेवू नये. काही प्रणालींत नकाशावर नेमके घर न दाखवता अंदाजे परिसर दाखवता येतो, तो पर्याय निवडावा. ज्यांना यायचे आहे ते फोन करून विचारतील.

कायद्याचेही पाहा. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण नियमांत धर्मश्रद्धेची माहिती विशेष संरक्षण असलेल्या वर्गात येते. धार्मिक संस्थेला आपल्या सभासदांची माहिती ठेवता येते, पण ती त्यांच्या संमतीशिवाय बाहेर देता येत नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. रविवारच्या शाळेची यादी करताना हे आठवा. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याचे नाव लिहायचे त्याला ‘लिहू का?’ असे विचारण्यात काय कमीपणा आहे?

शेवटी, प्रणाली घ्यावी की नाही? पाच-सहा गट असतील तर माझे मत आहे की घेऊ नये. एक वही आणि सोमवारचा फोन पुरेल. दहा-बारा गटांनंतर कोण कुठल्या गटात आहे, कोण कुठल्याच गटात नाही हे एका माणसाच्या डोक्यात मावत नाही, तेव्हा ती लागते. ‘कुठल्याच गटात नसलेल्यांची यादी’ हाच तिचा मला दिसलेला सर्वात मोठा उपयोग. वह्यांत जे आहेत ते दिसतात. जे कुठल्याच वहीत नाहीत ते शोधायला सगळ्या वह्या एकत्र कराव्या लागतात, आणि ते काम संगणक क्षणात करतो. घ्यायचीच असेल तर सर्व माहिती साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते का, हे पैसे भरण्याआधी तपासा आणि एकदा काढून पाहा.

या आठवड्याचा अभ्यास

तुमच्या मंडळाची गेल्या चार बैठकांची हजेरी काढा. टक्केवारी काढू नका. प्रत्येक गैरहजेरीपुढे वर सांगितलेल्या पाच अक्षरांपैकी एक लिहा. जिथे ‘ए’ लिहावे लागेल ती नावे वेगळ्या कागदावर घ्या आणि पुढील बैठकीआधी त्यांना फोन करा. बैठकीचे निमंत्रण देण्यासाठी फोन करू नका, कसे आहात एवढेच विचारा.

मी हे पहिल्यांदा केले तेव्हा माझ्या कागदावर तीन नावे आली. एक जण परीक्षेला बसला होता. एकांना आमच्या बैठकीची बदललेली वेळ कोणी कळवलीच नव्हती, ते दोनदा कुलूप पाहून परत गेले होते. तिसऱ्यांनी अजून फोन उचललेला नाही. येत्या रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे.